कोळशाच्या पोटातली जागा

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले होते, की छोटा चमचाभर सक्रिय कोळसा घेतला आणि त्याच्या आतल्या भिंती उलगडून पसरल्या, तर हजारेक चौरस मीटर जागा भरेल. या महिन्यातली निम्मी पत्रं त्या एका वाक्यावर आहेत. दोघांनी तर ती सरळ थाप ठरवली आहे. मला राग नाही. तीस वर्षं कोळशात हात काळे केले, पण पहिल्या वर्षी मलाही ते पटलं नव्हतं. तेव्हा आज फक्त कोळसा.

प्रश्न : मी शाळेत विज्ञान शिकवतो. साधा कोळसाही काळा, सक्रिय कोळसाही काळा. मग फरक काय, असं मुलांनी विचारलं. आणि ते हजार चौरस मीटर कुणी, कशानं मोजले?

उत्तर : सर, फरक आधी हाताला कळतो. तेवढ्याच आकारमानाचा सक्रिय कोळसा हलका लागतो, कारण त्यातला बराच कार्बन जागेवर नसतोच. लाकूड किंवा करवंटी हवा न लागू देता तापवली की पाणी, वायू, डांबर निघून जातं आणि कार्बनचा सांगाडा उरतो. हा झाला साधा कोळसा. त्यात पोकळ्या असतात, पण बऱ्याचशा डांबरानं बुजलेल्या. आता हाच कोळसा ८०० ते १००० अंश सेल्सिअसला ठेवून त्यावरून वाफ सोडायची. वाफ कार्बनला खाते आणि कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन होऊन दोघं बाहेर पडतात. बुजलेल्या वाटा मोकळ्या होतात, असलेल्या रुंदावतात.

मुलांना इथे एक प्रश्न जरूर विचारा : वाफच का, हवा का नाही? हवेत कोळसा जळताना उष्णता बाहेर टाकतो, क्रिया स्वतःलाच भडकवत जाते, आणि ऑक्सिजन आत पोचायच्या आधी बाहेरच्या अंगानंच संपतो. हाती राख येते. वाफेची क्रिया उलट उष्णता मागते. ती रेंगाळते, म्हणून वाफेला आतल्या गल्लीबोळांत शिरायला सवड मिळते. मी पहिल्यांदा भट्टीत दहा ग्रॅम घातले तेव्हा बाहेर साडेचार ग्रॅम आले. प्रयोग फसला म्हणून मी रडवेली झाले होते. माझ्या मार्गदर्शक सरांनी काट्याकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘‘साडेपाच ग्रॅम गेले ना? तेच आपल्याला हवं होतं.’’

वाफ किंवा कार्बन डायऑक्साइड वापरून, तसंच धातूंचे क्लोराइड मिसळून कोळसा सक्रिय करण्याची पेटंटं राफाएल फॉन ओस्त्रेय्को यांनी १९००-०१च्या सुमारास घेतली. कोळसा द्रावणातला रंग काढून घेतो हे मात्र त्याच्याही शंभरावर वर्षं आधी, १७८५ साली, सेंट पीटर्सबर्गमध्ये टोबियास लोविट्झ यांनी दाखवलं होतं.

आता मोजणी. खोली केवढी आहे हे कळायला फरशा मोजाव्यात, तसं. इथली फरशी म्हणजे नायट्रोजनचा रेणू. कोळसा निर्वातात तापवून रिकामा करायचा, द्रव नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे १९६ अंशांना, बुडवायचा आणि थोडा थोडा नायट्रोजन वायू सोडत किती चिकटला ते बघायचं. एक रेणू ०.१६२ चौरस नॅनोमीटर जागा अडवतो, असं धरतात. भिंतींवर एक थर बसायला किती रेणू लागले हे आलेखावरून काढण्याची रीत ब्रुनॉअर, एमेट आणि टेलर यांनी १९३८ साली दिली. तिघांच्या आद्याक्षरांवरून ती बीईटी. यातले टेलर म्हणजे पुढे हायड्रोजन बॉम्बसाठी ओळखले गेले तेच. गणित मुलांकडून करून घ्या : हजार चौरस मीटर झाकायला सुमारे ०.२९ ग्रॅम नायट्रोजन लागतो. शून्य अंशांना वायू म्हणून मोजलात तर जवळपास २३० मिलिलिटर. चमचाभर काळ्या पुडीत पाव लिटरला थोडा कमी वायू गडप होतो, आणि यंत्राच्या पडद्यावर दाब खाली खाली जाताना ते दिसतं. थाप म्हणणाऱ्या दोघांना मी त्या यंत्रासमोर बसवलं असतं.

शब्दाचा एक घोटाळाही मुलांसमोर सोडवून टाका. स्पंज पाणी पितो ते शोषण. कोळसा करतो ते अधिशोषण : रेणू भिंतीला चिकटतात, भिंतीच्या पोटात शिरत नाहीत.

प्रश्न : मॅडम, मी एम.एस्सी.ला आहे. पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरून केलेल्या माझ्या कार्बनचं बीईटी क्षेत्रफळ ग्रॅममागे २९०० चौरस मीटर आलं. सर खूश झाले. पण व्हिटॅमिन बी-१२ तो जवळजवळ धरतच नाही. ९०० क्षेत्रफळाचा बाजारातला नमुना मात्र सहज धरतो. माझं कुठे चुकलं?

उत्तर : चुकलं काहीच नाही. तू फक्त त्या आकड्यावर भाळलीस, आणि तुझे सरही.

आधी २९०० कडे संशयानं बघ. ग्राफीन म्हणजे कार्बनचा एकच अणूइतका पातळ पत्रा. त्याच्या दोन्ही बाजू धरल्या तरी एका ग्रॅमला २६३० चौरस मीटरच भरतात. मग तुझ्या कोळशानं पत्र्यालाही मागे कसं टाकलं? थोडा वाटा पत्र्यांच्या उघड्या कडांचा. उरलेला हिशेबातला. बीईटीचं गणित उघड्या पृष्ठभागावर थरावर थर चढतात असं मानून मांडलेलं आहे. तुझ्या पोकळ्या मात्र दोन-चार रेणूंच्या रुंदीच्या. तिथे थर चढत नाहीत, पोकळी एकदम भरून जाते. भरलेल्या मधल्या रेणूंनाही गणित भिंतीवर बसलेले समजतं. म्हणून २९०० ला क्षेत्रफळ म्हणण्यापेक्षा, एका ग्रॅमनं ०.८३ ग्रॅम नायट्रोजन सामावला, असं वाच. हे विधान पक्कं आहे.

आता बी-१२. दोन नॅनोमीटरपेक्षा अरुंद त्या सूक्ष्म पोकळ्या, दोन ते पन्नास त्या मध्यम, त्यापुढच्या स्थूल, अशी विभागणी सगळीकडे मानतात. बी-१२ चा रेणू स्वतःच दोन नॅनोमीटरच्या घरात. तुझ्या कोळशाची बहुतेक जागा त्याला दारातूनच दिसते. बाजारातल्या नमुन्यात एकूण जागा कमी, पण मध्यम पोकळ्या जास्त असणार. तुझ्या कोळशाला आयोडीन घाल, भराभर धरेल, कारण आयोडीनचा रेणू अर्ध्या नॅनोमीटरच्या आसपास आहे. कारखान्यात आयोडीन अंक आणि मिथिलीन ब्लू या मोठ्या रेणूच्या रंगाचा अंक असे दोन वेगळे आकडे मागतात ते याचसाठी. तुझ्या प्रबंधात पोकळ्यांच्या रुंदीचं वितरण दाखव आणि ते काढायला शक्य असेल तर ८७ केल्विनला आर्गॉन वापर. नायट्रोजनचा रेणू कडेच्या ऑक्सिजन-गटांकडे तोंड करून बसतो आणि अगदी अरुंद पोकळ्यांचा अंदाज बिघडवतो. आययूपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१५च्या शिफारशींमध्येही आर्गॉनलाच पसंती आहे.

आणखी एक, तुझ्या द्रावणाचा पीएच काय होता? पत्रात नाही. बी-१२ ला त्यानं फार फरक पडणार नाही, पण पुढे फिनॉल घेणार आहेस म्हणतेस. पीएच दहाच्या वर गेला की फिनॉल ऋणभारित होतो, पाण्यातच रमतो आणि कोळशाकडे ढुंकून बघत नाही. पोकळी अगदी मापाची असली तरी.

माझी स्वतःची फजिती सांगते, म्हणजे तुझी टळेल. एकाच बरणीतल्या कोळशाचं क्षेत्रफळ मला सोमवारी ११५० मिळालं आणि गुरुवारी ८००. तीन दिवसांत कोळशाच्या भिंती कशा पडतील? मी यंत्र बदललं, द्रव नायट्रोजन बदलला, मार्गदर्शकांशी वादही घातला. कारण होतं बरणीचं झाकण. दमट हवेत ती उघडी राहिली होती, कोळशानं वजनाच्या जवळपास तीस टक्के पाणी धरलं होतं, आणि मी नमुना रात्रभर ३०० अंशांना निर्वातात ठेवण्याआधी वजन करत होते, नंतर नाही. म्हणजे शंभर मिलिग्रॅम म्हणून मी सत्तर मिलिग्रॅम कोळसा आणि तीस मिलिग्रॅम पाणी मोजत होते. नळी थंड झाल्यावर, बूच न काढता, पुन्हा वजन कर. तोच आकडा वहीत जाऊ दे.

प्रश्न : मी औषधी रसायनांच्या कारखान्यात काम करतो. आमच्याकडे हायड्रोजनेशनला, म्हणजे रेणूला हायड्रोजन जोडायला, पॅलेडियम-कार्बन (कार्बनवर बसवलेलं पॅलेडियम) लागतो. काम पॅलेडियम करतं, मग कार्बनच्या छिद्रांवर जगभर एवढं संशोधन कशाला?

उत्तर : धातूच्या कणात आत दडलेले अणू बिनकामाचे. अभिक्रिया होते ती बाहेरच्या अणूंवर. तीनेक नॅनोमीटरच्या कणात साधारण तिसरा हिस्सा अणू बाहेर असतात, कण फुगला की तो हिस्सा झपाट्यानं घटतो. म्हणून कण बारीक हवेत आणि तापल्यावर एकमेकांना चिकटता कामा नयेत. त्यांना हात हात अंतरावर धरून ठेवणं हे कार्बनचं पहिलं काम. आम्लात, अल्कलीत तो टिकतो. आणि उत्प्रेरक दमला की कार्बन जाळून टाकायचा, राखेतून पॅलेडियम परत काढायचं. तुमच्या कारखान्यातून जुन्या उत्प्रेरकाची पिंपं परत जातात ती त्यासाठीच.

पण धातू नेमका कुठे बसला, यात खरी मेख आहे. एका नॅनोमीटरच्या बोगद्याच्या टोकाला बसला, तर तुमचा भलामोठा रेणू तिथवर पोचणार कसा, आणि पोचला तरी हायड्रोजन घेऊन परत कसा येणार? याच अडचणीपायी मापात पोकळ्या घडवायच्या कल्पना निघाल्या. मला सर्वांत आवडते ती दक्षिण कोरियातल्या र्योंग र्यू यांच्या गटाची, १९९९ ची. नियमित पोकळ्यांची सिलिका घ्यायची. तिच्यात साखरेचं द्रावण आणि थोडं सल्फ्युरिक आम्ल भरायचं. तापवून साखरेचा कार्बन करायचा. मग सिलिका विरघळवून टाकायची. मेण वितळवून काढल्यावर मूर्तीचा साचा राहतो, तसं इथे साचा गेल्यावर कार्बनचं जाळं राहतं, आणि सिलिकेच्या भिंती होत्या तिथे आता पोकळ्या. मी पहिल्यांदा त्याचं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातलं चित्र पाहिलं तेव्हा कोळसा इतका शिस्तीत वागू शकतो हेच नवल वाटलं होतं.

कार्बनचा पृष्ठभागही मुका नसतो. त्याच्या कडांना कार्बोक्सिल, फिनॉल असे गट असतात. ते हायड्रोजन आयन घेतात-सोडतात, त्यामुळे एका विशिष्ट पीएचच्या खाली पृष्ठभाग धनभारित होतो, वर ऋणभारित. पॅलेडियम क्लोराइडचा ऋण आयन बसवायचा असेल तर त्या पीएचच्या खालीच काम करायचं. तोच धातू, तोच कार्बन, पण पीएच चुकला की धातू गाळलेल्या पाण्याबरोबर मोरीत. हे मी केलेलं आहे, आणि महिन्याचा पॅलेडियम संपल्याचा हिशेब द्यायला मला बसवलं होतं.

धातू बदलला की काय होतं याचं उदाहरण व्हिनाइल क्लोराइडचं, म्हणजे पीव्हीसी प्लास्टिकच्या कच्च्या मालाचं. अ‍ॅसिटिलीन आणि हायड्रोजन क्लोराइडपासून ते करायला दशकानुदशकं सक्रिय कोळशावर बसवलेलं मर्क्युरिक क्लोराइड वापरलं गेलं. पारा हळूहळू उडून जातो, जातो तिथे विष पेरतो. ब्रिटिश रसायनज्ञ ग्रॅहम हचिंग्ज यांनी १९८५ साली धातूंच्या प्रमाण विभवांवरून, म्हणजे धातूचा आयन इलेक्ट्रॉन किती ओढतो त्या मापावरून, भाकीत केलं की इथे सोनं सर्वांत सरस ठरावं. सोनं म्हणजे निष्क्रियतेचा आदर्श, असं तेव्हा बहुतेक रसायनवाले मानत. पुढे कोळशावरच्या सोन्याचा उत्प्रेरक खरोखर कारखान्यात गेला, आणि २०१७ मध्ये दाखवलं गेलं की त्यात काम करणारं सोनं कणांच्या रूपात नसून एकेकट्या अणूंच्या रूपात कार्बनला धरून बसलेलं आहे.

धातूशिवाय नुसत्या कार्बनचा उत्प्रेरक हा अलीकडचा लाडका विषय. कार्बनमध्ये नायट्रोजन घुसवायचा आणि इंधनघटातल्या ऑक्सिजनच्या अभिक्रियेला प्लॅटिनमऐवजी तो लावायचा. यात खरं काम पुष्कळ झालं, पण उत्साहही उतू गेला. नायट्रोजन, मग गंधक, मग फॉस्फरस, मग दोन-दोन तीन-तीन एकत्र, आणि दर वेळी ‘उत्प्रेरण सुधारलं’ असा निबंध. २०२० मध्ये प्रागमधल्या मार्टिन पुमेरा आणि सहकाऱ्यांनी या सगळ्याची टर उडवायला ग्राफीनमध्ये चक्क पक्ष्यांची विष्ठा घातली. विष्ठेत नायट्रोजन, फॉस्फरस, गंधक सगळंच असतं. उत्प्रेरण सुधारलं! तो निबंध मी प्रयोगशाळेत मोठ्यानं वाचून दाखवला होता. हसून झाल्यावर आम्ही आमचा नायट्रोजनवाला नमुना आम्लात उकळला, धुतला आणि पुन्हा मोजला. निम्मी करामत गायब. ती मुशीतून आलेल्या लोहाची होती.

जाता जाता, तुम्ही रोज हे हाताळता म्हणून. गाळणीवरचा काळा लगदा कोरडा पडू देऊ नका. त्यात हायड्रोजन मुरलेला असतो, भवती मिथेनॉलची वाफ, आणि पॅलेडियमला हवा लागली की ठिणगीची वाट बघावी लागत नाही. माझा गाळण कागद एकदा मी बाटली आणायला वळले तेवढ्यात पेटला. निळी ज्योत दिवसाउजेडी दिसतही नाही, मला कागदाची कड आखडताना दिसली. तेव्हापासून पाण्याची बाटली डाव्या हाताशी असते.

प्रश्न : पाण्याच्या फिल्टरमधला कार्बन क्षार काढतो का?

उत्तर : नाही. पाण्याला जे नकोसं, ते कोळशाला हवंसं. क्षारांचे आयन पाण्यात सुखात असतात, म्हणून फ्लोराइड, नायट्रेट, पाण्याचा जडपणा सगळं सरळ पार होतं. रंग, वास, कीटकनाशकांसारखे सेंद्रिय रेणू अडतात. क्लोरीनची गोष्ट निराळी : तो चिकटत नाही, कार्बनशी अभिक्रिया करून क्लोराइड होतो. म्हणजे तुमच्या फिल्टरमध्ये अधिशोषण आणि अभिक्रिया शेजारी शेजारी चालू असतात.

प्रश्न : डीएनएमुळे नाव झालेल्या रोझालिंड फ्रँकलिन यांनी आधी कोळशावर काम केलं होतं असं ऐकलं. खरं आहे का?

उत्तर : खरं आहे, आणि आम्हा कोळशावाल्यांना त्या आधी आमच्या वाटतात. १९४२ पासून त्या ब्रिटनमधल्या दगडी कोळशाच्या संशोधन संस्थेत होत्या. १९४५ ची त्यांची केंब्रिजची पीएच.डी. त्याच कामावर आहे. त्यांची युक्ती बघा. एकाच कोळशाची घनता त्यांनी हेलियम, मिथेनॉल, हेक्सेन, बेंझीन अशा लहानमोठ्या रेणूंत मोजली. आकडे जुळेनात. मोठा रेणू ज्या पोकळीत शिरत नाही ती त्याच्या लेखी भरीवच. म्हणजे आकड्यांतली तफावत हीच पोकळीच्या दाराची मोजपट्टी. वर आमच्या विद्यार्थिनीनं बी-१२ वापरून नकळत तेच केलं आहे.

पुढे १९५१ साली त्यांनी कार्बनचे दोन गोट पाडले : ३००० अंशांपर्यंत तापवल्यावर ग्राफाइट होणारे आणि काही केल्या न होणारे. पॉलिव्हिनाइल क्लोराइडचा कार्बन पहिल्या गोटात, पॉलिव्हिनाइलिडीन क्लोराइडचा दुसऱ्या. नावांत एवढंसं अंतर, पण पहिला तापताना मऊ होतो आणि थरांना एकावर एक निजायला वेळ मिळतो. दुसरा तसाच्या तसा कडक होतो, थर वेडेवाकडे एकमेकांत अडकतात. ती अडगळच आमच्या कामाची. थर नीट निजले असते तर मध्ये जागा उरलीच नसती.

प्रश्न : महाविद्यालयात पोटॅशियम हायड्रॉक्साइडनं कोळसा सक्रिय करताना चिनी मातीची मूस खंगली आणि धुताना चटचट आवाज येऊन धूर निघाला. असं का?

उत्तर : तापलेलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड चिनी मातीच काय, काच आणि क्वार्ट्झही खातं. निकेलची मूस घ्या. चटचट मात्र गंभीर आहे. ७०० अंशांच्या आसपास कार्बन त्या हायड्रॉक्साइडमधून चक्क पोटॅशियम धातू सुटा करतो. तो थरांत शिरून त्यांना फाकवतो, म्हणून तर इतक्या पोकळ्या होतात. थोडा धातू तसाच उरतो आणि पाणी पडताच पेट घेतो. नळी पूर्ण थंड होईपर्यंत नायट्रोजन बंद करू नका, मग आधी ओलसर नायट्रोजन बराच वेळ सोडा, आणि पाणी शेवटी, थेंबाथेंबानं, चेहऱ्यासमोर काचेचा पडदा ठेवून. मुलांना एकटं सोडू नका.

प्रश्न : वापरलेला सक्रिय कोळसा भाजला की परत नवा होतो का?

उत्तर : बराचसा. ८००-९०० अंशांना वाफेत ठेवला की चिकटलेलं जळून जातं आणि पोकळ्या मोकळ्या होतात. दर फेरीत थोडा कोळसाही जातो, तेवढी नवी भर घालतात. घरच्या चुलीवर हा उद्योग करू नका, पोकळ्यांत काय अडकलं होतं ते तुमच्या नाकात जाईल.

हा प्रश्न विचारणारे गृहस्थ पाण्याच्या टाक्यांची देखभाल करतात असं पत्रात आहे, म्हणून एक सांगते. ओला सक्रिय कोळसा बंद टाकीतल्या हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो. वास नाही, धूर नाही, आत उतरलेला माणूस नुसता खाली बसतो. कोळशाच्या गोणीवर हे बारीक अक्षरात छापलेलं असतं. तेव्हा झाकण उघडल्यावर ऑक्सिजन मोजणारं यंत्र दोरीनं आधी खाली सोडा, बाहेर एक माणूस उभा ठेवा, आणि मगच शिडी लावा.